गिटार बदलून मिळंल

कोल्हापूर, रविवार, १७ जून १९७९

कालिंदीस,

वर आशीर्वाद लिहिलेला न्हाय. म्हातारी विसरली असं समजू नको. लिहायचा न्हाय म्हणून लिहिला न्हाय.

तू धाडलेला खोका मागल्या हप्त्यात पोचला. दुकानाचा माणूस सायकलीवर आडवा बांधून घेऊन आला आणि गल्लीच्या तोंडापासनं ‘नंदिनी कुठं राहत्यात, नंदिनी’ म्हणून बोंबलत आला. मला वाटलं शिलाई मशीन असंल, तू मिरजेत पोरींना शिवण शिकवतीस म्हणून ऐकलंय. उघडून बघते तर भोपळ्याला दांडी लावल्यागत लाकूड. गिटार म्हणे. बारावी पास झाल्याचं बक्षीस. पंधरा वर्षांत पोरीला कधी एक पोलकं धाडलं न्हाईस आणि आता हे. धाडलं असशील तर ते मी माघारी लावलं असंल, आता ध्यानात न्हाय.

हे पण माघारी लावणारच होते. दोरी परत बांधली पण होती. पण त्र्यंबक पेपरातनं तोंड वर न काढता म्हणाला, “राहू दे, आई.” मी बघतच राहिले. जन्मात माझ्यापुढं बोलला न्हाय तो. तू माप ओलांडून आलीस तवा बोलला न्हाय, गेलीस तवा बोलला न्हाय, आणि एका लाकडासाठी बोलला. शिरोलीला फौंड्रीत सुपरवायझर हाय आता. तिथं म्हणे चाळीस माणसांवर ओरडतो. घरात येताना आवाज तिथंच खुंटीला टांगून येतो. गुणाचा हाय.

तर पत्र लिहायचं कारण. आनंदाची बातमी हाय. तुझी गिटार खोटी निघाली!

नंदिनी पहिल्या दिवशी जेवायला उठली न्हाय, इतकी वाजवत बसली. मी म्हटलं, झालं, पोरगी गेली हातातनं. आणि हप्ता सरला न्हाय तोवर दांडी वाकली की. तारा इतक्या वर उचलल्या, मधनं माझी करंगळी आरपार जाते. तारा दाबून दाबून पोरीच्या बोटांची सालटी निघाली. खाली जिथं तारा अडकवत्यात ती पट्टी, तिला घोडी म्हणत्यात, ती पण एका अंगानं सुटाया लागलीया. मला हसू आवरंना. पदर तोंडात कोंबून परड्यात गेले. म्हटलं, मिरजेचं आलेलं, वाकडंच असणार. घरात तुझं नाव कुणी घेत न्हाय. मिरज म्हणतो आम्ही तुला.

पण खोक्यात एक कार्ड सापडलं. सहा महिन्यांची गॅरंटी. नंदिनीनं वाचून दाखवलं, ‘माल सदोष आढळल्यास बदलून मिळेल.’ काय सुरेख लिहिलंय! मी तिच्याकडनं परत वाचून घेतलं. मला तिसरीपर्यंतच शाळा, पण ही गोष्ट मला कुणी शिकवायला लागली न्हाय. खोट निघाली की वस्तू जिथली तिथं पोचवायची, रडायचं कशाला?

तुझ्या वडलांनी काय कार्ड दिलं न्हवतं, पण माणूस लाखाचा. मी तुझं कोपर पुढं केलं, पांढरा डाग दाखवला, म्हटलं, बघायला आलो तवा हे झाकलंसा, आता घ्या तुमची लेक. हूं केलं न्हाय बिचाऱ्यानं. उपरण्यानं तोंड पुसलं आणि तुला टांग्यात बसवली. माल परत घ्यावा तर असा. तू म्हणत होतीस, डाग बाळंतपणानंतर उठला. आमच्या घरात काय बिघडत न्हाय, बाई.

नंदिनी तवा तीन वर्षांची, परड्यात कोंबडीमागं पळत होती. तिला मी सांगितलं, आई तुला टाकून गेली. लेकराला एकच गोष्ट सांगावी, म्हंजे एकदाच रडून मोकळं होतं. पोरगी माझी हाय, माझ्या हातची हाय. गिटार धाडून ती तिकडं सरकंल असं तुझ्या मनात असंल तर काढून टाक.

दुकानवाला पावती मागतोय. ती तुझ्याकडं असंल. धाड. दुसरं काय लिहू नको.

आक्का

कोल्हापूर, रविवार, ८ जुलै १९७९

कालिंदीस,

पावती मिळाली. तिच्यासंगं कोरा कागद घडी घालून कशाला धाडलास? लिहायला बसलीस आणि हात धजला न्हाय, असंच की न्हाय? वाया घालवला न्हाय मी. त्याच्यावरच लिहितीया.

इतका आनंद झालाय की कुठनं सुरू करू कळंना. आधी दुकानाचं सांगते.

महाद्वार रोडच्या बोळातलं ते दुकान, आकारामशेठचं, तू घेतलीस तेच. नंदिनीला घेऊन गेले. पोरीनं गिटार तान्ह्या पोरावाणी शालीत गुंडाळलेली, आणि वरनं पाऊस असा की छत्रीचा काय उपयोग न्हाय. आकारामशेठनं दांडीवरनं बोट फिरवलं आणि म्हणाला, “आक्का, हवेत ओल हाय. जरा दम धरा, ऊन पडलं की सरळ होतीया.”

आठ दिवसांनी परत गेले. म्हटलं, झाली न्हाय सरळ. तर म्हणतो, “उन्हात ठेवली असंल तुम्ही. उन्हानं वाकत्यात.”

“मागल्या खेपेला ओल म्हणालास, आता ऊन म्हणतोस. आणि कुठाय रे ऊन? पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून आली, माझी गोधडी महिनाभर वाळंना, आणि तुझ्या गिटारीला तेवढं ऊन मिळालं व्हय?”

“आक्का, आमच्या हातात काय न्हाय. कंपनी कलकत्त्याला.”

“कंपनीला पैसे द्यायला मिरजेची बाई कलकत्त्याला गेलती का? तुझ्याच गल्ल्यावर दिले की.”

गिऱ्हाईकं हसली. एक जण तबला घ्यायला आला होता, तो तबला खाली ठेवून ऐकत उभा राहिला. मला लई बरं वाटलं. तिसऱ्या खेपेला गेले तवा त्यानंच मला स्टूल दिलं आणि चहा सांगितला. बायांनी भांडायचं तर असं भांडावं, चहा येईस्तवर.

आणि चहा पिता पिता काय झालं बघ. आकारामशेठ नंदिनीकडं बघत होता. ती एका हार्मोनियमवर बोट ठेवून उभी होती. मला हळूच म्हणाला, “आक्का, पोरगी कुणाची?”

“माझी.”

“तसं न्हवं. माझा भाचा हाय, सयाजी. चंदगडला काजूचा कारखाना हाय त्यांचा. एकुलता. गाण्याचं वेड हाय त्याला. पोरगी आम्हाला पसंत पडंल.”

बघ! तुझी गिटार धड निघाली असती तर हे स्थळ आलं असतं का? देवाला वाकडं लाकूडच धाडायचं होतं.

मग त्यानं विचारलं, आईवडील? म्हटलं, बाप शिरोलीला. आणि आई? मी चहाचा घोट घेतला आणि म्हटलं, वारली.

तर तू वारलीस. पोर तीन वर्षांची असताना. तापानं. तापच बरा वाटला मला, तापाचा डाग राहत न्हाय. नंदिनी तवा हार्मोनियमपाशी होती, तिला ऐकू गेलं न्हाय. आमच्या समोरची चिमणाबाई, ती तू गेल्यावर राहायला आली, तिला मी पहिल्यापासनं हेच सांगितलंय. म्हंजे काय आता नवं खोटं बोलावं लागलं न्हाय, जुनंच पुढं चालवलं.

मेलेल्या माणसानं इकडं फिरकू नये, एवढं तुला कळतंय.

आक्का

कोल्हापूर, रविवार, ५ ऑगस्ट १९७९

कालिंदीस,

बघण्याचा कार्यक्रम झाला. सयाजी गोरा हाय. जरा जाडा हाय, पण काजू खाणाऱ्याचं अंग असतंच तसं. त्याच्या आईनं नंदिनीला अंगणापर्यंत चालवून बघितलं आणि मग म्हणाली, “पोरी, बाह्या जरा वर कर बघू.” मी तर फुलून गेले. किती शहाणी बाई! मी हे तुझ्या वेळी केलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. नंदिनीचे हात दुधावाणी एकसारखे, मी स्वतः दिवा धरून दाखवले. पोरगी मातर माझ्याकडं बघत होती, त्यांच्याकडं न्हाय.

साखरपुड्याला पैंजण हुपरीहून सांगितलेत. घुंगरू जास्त घालायला लावलेत. सासरी ती कुठल्या खोलीत हाय ते सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे.

आता अडचण. सयाजीच्या आईनं ‘वाजवून दाखव’ म्हटलं. नंदिनीनं गिटार घेतली, दोनदा छेडली, आणि ती घोडी सगळ्यांच्या देखत फाट्कन सुटून चिवड्याच्या ताटात पडली. पाहुणे हसले. मी पण हसले. नंदिनी हसली न्हाय. पाहुणे गेल्यावर म्हणाली, “आज्जी, ही नीट झाल्याशिवाय मी कुंकू लावून घ्यायची नाही.” तुझ्यावर गेलीया. तू पण अशीच, आवाज न चढवता बोलायचीस. तुझ्या त्या हळू बोलण्याचा मला लई राग यायचा.

आकारामशेठकडं गेले तर तो म्हणाला, गणपतीच्या आधी कलकत्त्याहून कंपनीचा माणूस येतोय. तो माल बघणार. पण ज्यानं घेतली तो माणूस समोर पाहिजे, तसा कंपनीचा नेम हाय. “मिरजेच्या त्या बाईला आणा. कोण लागतात तुमच्या?”

माझ्या तोंडातनं गेलं, “पोरीची मावशी.”

तर तुला मी तुझीच बहीण केलीया. वीस तारखेला, सोमवारी, सकाळच्या एस.टी.नं यायचं. दुकानात उभं राहायचं, विचारलं तेवढं बोलायचं, अंगठा न्हायतर सही मागतील ते द्यायचं आणि दुपारच्या एस.टी.नं माघारी. घराकडं वळायचं न्हाय. पूर्ण बाह्यांचं पोलकं घाल, मनगटाला बटण असलेलं. शिवणाच्या बाईला ते काय अवघड न्हाय.

नंदिनी दुकानात नसंल. तिला मी चिमणाबाईकडं करंज्या तळायला लावणार हाय. पण तू काय गॅरंटीसाठी येणार न्हाईस, मला ठाऊक हाय. म्हणून सांगते. स्टँडवरनं येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिंपळाखाली थांब. ती सकाळी नळाला येते. निळं परकर-पोलकं घालायला लावीन. लांबनं बघ. हाक मारलीस तर त्याच पावली तू कोण ते सगळ्यांपुढं सांगीन.

त्र्यंबक म्हणत होता, “जाऊ दे आई, मी नवी आणून देतो. कशाला तिला...” मी म्हटलं, का जाऊ दे? खोटा माल घरात ठेवून घ्यायचा? मी माणूस ठेवून घेतलं न्हाय, लाकूड ठेवून घेऊ?

आक्का

कोल्हापूर, बुधवार, २२ ऑगस्ट १९७९

कालिंदीस,

तू पोचलीस का न्हाय हे विचारायला लिहीत न्हाय. पोचली असशीलच. दोघी पोचल्या असाल.

तू दुकानात होतीस तरी तुला मी सगळं सांगणार हाय, कारण तू जमिनीकडं बघत उभी होतीस. जमिनीकडं बघणाऱ्याला काय दिसतं? उद्या पोरीला भलतंच सांगशील. जे झालं ते असं झालं.

तो कलकत्त्याचा माणूस, गळ्यात टाय आणि तोंडात पान. गिटार उचलली, एक डोळा मिटला आणि कासार बांगडी बघतो तशी दांडीवरनं नजर टाकली. म्हणाला, “माताजी, फॅक्टरी से ठीक निकला था. आपके घर में बिगडा.”

मी म्हटलं, “हमारे घर में कुछ बिगडता नहीं!”

“संभालना नहीं आया आपको.”

आकारामशेठ मधी पडला, “आक्का, ते म्हणत्यात हाताळण्यात काय...”

“तू गप. हमको शिकाव मत. हप्त्यात वाकडी. हप्त्यात कोण क्या हाताळेगा?”

मग त्यानं विचारलं, घेतली कुणी? तू पुढं झालीस. तुझी मान अजून तशीच हाय, लांब. केस पांढरे झालेत. मला वाटलं न्हवतं तुझे केस पांढरे होतील.

“लेते समय बजा के देखा था?”

तू म्हणालीस, “नाही. मला वाजवता येत नाही.” इतक्या हळू, की त्याला दोनदा विचारावं लागलं.

तो हसला. “तो फिर? देख के लेना था. लेने के बाद कंपनी क्या करेगी?”

बघून घ्यायचं होतं! कालिंदी, माझ्या डोक्यात ठिणगी पडली ती हिथं. हेच बोलणं मी आधी ऐकलेलं. तुझा चुलता टांग्याची दांडी धरून म्हणालेला, ‘बघून घेतलीत की, आता काय म्हणून पाठवता?’ तुझे वडील गप बसले पण चुलता बसला न्हवता. तुझी आई पायरीवर बसून राहिली होती आणि टांगा हालेना. हे सगळं मी पहिल्या पत्रात लिहिलं न्हाय. मला आठवलं न्हवतं.

त्याला मी मराठीतच म्हटलं, “बघताना झाकलं तर बघायचं कसं?” आणि तुझा हात धरला. तू मागं ओढलास पण मी बटण तोडलं आणि बाही कोपराच्या वर सारली. डाग आता खांद्याकडं गेलाय की तुझा. मला ठाऊक न्हवतं इतका पसरला असंल.

मी ओरडले, “ही बघा! ही माझी सून! लगीन करून आणली, पोर झालं, मग ही खोट निघाली. चार वर्षं घरात नांदलेली, तरी मी माघारी धाडली! हिच्या बापानं घेतली! पोटची पोर माघारी घेतली त्यानं, आणि तुम्हाला तुमचं लाकूड घेता येईना?”

माझ्या अंगावर काटा आला, इतकं मला ते बोलणं आवडलं. खरं सांगते. असं बोलणं माणसाला जन्मात एकदा सुचतं. मला वाटलं आता सगळे माझ्या बाजूचे.

रस्त्यावर गणपतीच्या मांडवाचे वासे ठोकत होते, तेवढा आवाज.

आकारामशेठ म्हणाला, “ही... मावशी न्हवं?”

आणि मी दाराकडं बघितलं तर त्र्यंबक. फौंड्रीत असायचा माणूस, दारात उभा. त्याच्या शेजारी नंदिनी, हाताला करंजीचं पीठ. त्यानंच तिला आणली. माझ्या पोटच्या पोरानं. मला काय म्हणाला न्हाय, तिला पण काय म्हणाला नसंल, नुसता हाताला धरून आणली असंल.

नंदिनीनं विचारलं, “आज्जी, तू धाडलीस हिला?”

मी म्हटलं, “व्हय. धाडली. मग?”

म्हणायला नको होतं असं तुला वाटत असंल. पण सगळ्या दुकानात आत्ताच मोठ्यानं सांगितलेलं, फिरवणार कसं?

ती आत आली. मला वाटलं माझ्याकडं येतीया. ती तुझ्यापुढं उभी राहिली आणि तिनं तुझी बाही खाली ओढली. बटण तुटलेलं, तर पिठाच्या बोटांनी तिथं घट्ट धरून उभी राहिली. तुला हाक मारली न्हाय, तू पण तिला मारली न्हाईस. मग दुसऱ्या हातानं त्या टायवाल्याच्या मांडीवरनं गिटार उचलली आणि दोघी बाहेर पडलात. गिटारीचा खोका त्र्यंबकनं घेतला. तुमच्या मागं मागं स्टँडपर्यंत गेला तो. रात्री घरी आला, जेवला, आणि पेपर उघडला. तोच पेपर, सकाळचा.

तुम्ही गेल्यावर आकारामशेठनं त्या टायवाल्याला कोपऱ्यात नेऊन काय सांगितलं कोण जाणे. माघारी आला आणि म्हणाला, “आक्का, गिटार बदलून मिळंल.” मी म्हटलं, बघ, मिळालं का न्हाय! तर म्हणाला, “ते दुसरं राहू द्या.”

“दुसरं कुठलं?”

“सयाजीचं. आमच्या बहिणीला मी काय सांगायचं ते सांगतो. तुमची पोरगी गुणाची हाय. पण पोरगी द्यायची म्हंजे घर पण देता तुम्ही. हे घर नको आम्हाला.”

चहा सांगितला न्हाय या वेळी.

तर मी जिंकले. नवी मिळणार हाय. पण कंपनीचा नेम असा की जुनी दिल्याशिवाय नवी हातात येत न्हाय, आणि जुनी नंदिनी घेऊन गेलीया. तिच्या हातनं धाडून दे. पार्सलनं नको, पार्सलात मोडंल. तिच्या हातनं.

तिचे कपडे इथंच हायत. धाडणार न्हाय. लागत असतील तर येऊन न्यावेत.

आक्का

कोल्हापूर, रविवार, १४ ऑक्टोबर १९७९

अनेक आशीर्वाद.

कालिंदीस,

वर आशीर्वाद लिहिलाय. तो नंदिनीला. तू वाचलास तरी चालंल.

माझं पत्र मिळालं न्हाय का? मधी अजून एक लिहिलं होतं, ते पण मिळालं न्हाय का? गणपतीत लिहिलं होतं. त्यात काय विशेष न्हवतं, मोदक फुटले एवढंच.

आकारामशेठनं दोनदा निरोप धाडला, नवी गिटार येऊन पडलीया, जुनी आणा. मी जाऊन बघून आले. काळपट लाल हाय, चकाकते, दांडी सरळ. मी कासारावाणी एक डोळा मिटून बघितली. शिकले की मी पण. एक तार ओढली तर लई वेळ आवाज राहिला. आकारामशेठ म्हणाला, “आक्का, हात लावू नका, डाग पडतो.” कुणाला काय बोलावं याचं भान न्हाय माणसाला.

हुपरीहून पैंजण आले. सांगितलेले, घ्यावेच लागले. ते तिच्या ट्रंकेत टाकलेत. उंदीर ट्रंकेवरनं पळाला की वाजत्यात. पहिल्यांदा वाजले तवा मी उठून बसले, म्हटलं आलीच. त्र्यंबकला हाक मारली. तो जागाच होता.

दिवाळी तोंडावर आलीया. चिमणाबाई अनारशाचं पीठ मागायला आली ती तासभर बसली. त्र्यंबकनं शिरोलीहून एक पेटी आणलीया भुईचक्रांची. घरात आम्ही दोघं म्हातारी माणसं, भुईचक्रं कुणी लावायची? विचारलं तर म्हणाला, “चुकून आणली.” चुकून!

परवा पोस्टमन नंदिनीचं कार्ड देऊन गेला. तुला दाखवून लिहिलंय का तुझ्या चोरून, ते मला ठाऊक न्हाय. म्हणून जसंच्या तसं उतरवून काढते. अक्षर बघ कसं हाय, छापल्यागत. ते मी गिरवून घेतलेलं, पाटीवर, तुझ्या माघारी.

‘आज्जी, जुनी गिटार मी देणार नाही. इथल्या सतारवाल्यांनी दांडी तापवून सरळ केली आणि घोडी पुन्हा बसवून दिली. अजून थोडी वाकडी आहे, पण सूर लागतो. नवी मला नको. कपडे आईने शिवून दिले. बाबांना सांग, दर रविवारी येता तसे या, रिकाम्या हाताने आलात तरी चालेल. कुणी माझी चौकशी केली तर मी मेले म्हणून सांग. तुला जमतं. नंदिनी.’

मला हसू आलं. काय तिखट लिहितीया! दोन ओळीत माणूस आडवा पाडला. तुझ्यात हा तिखटपणा कधी न्हवता, हा माझ्याकडनं गेलाय. हे तिला सांग. नको सांगू.

त्र्यंबक रविवारी जादा पाळी हाय म्हणून जातो, मला असं सांगतो. आज पण गेलाय. सकाळी पिशवीत भुईचक्रांची पेटी टाकताना मी बघितलं.

तर काय सांगत होते. काल चिमणाबाई अनारसे थापता थापता म्हणाली, “आक्का, नंदिनी दिसत न्हाय ती दोन महिने? चंदगडला दिली का काय गुपचूप?”

माझ्या हातात पीठ होतं. कार्ड आठवलं. मी म्हटलं, सांगावं. तिनंच सांगितलंय तर सांगावं. चिमणाबाई काय, जे सांगीन ते खरं मानणारी बाई. तुझं सांगितलं तवा पण तिनं मानलं, पदर डोळ्याला लावला, आणि मी पुढचा विषय काढला होता. जड काहीच न्हवतं. दोन अक्षरं.

तोंड उघडलं. आलं न्हाय.

अनारसा हातात फुटला. दुसरा घेतला. चिमणाबाई बघत होती.

मी म्हटलं, “मिरजेला गेलीया.”

“मिरजेला कुणाकडं?”

“आईकडं.”

पंधरा वर्षांत हे नाव या घरात मी काढलं न्हवतं. चिमणाबाईचा हात थापता थापता थांबला. म्हणाली, “आई? अहो आक्का, आई तर वारली न्हवं तिची?”

मी म्हटलं, “न्हाय.”

तिनं परत विचारलं. मी परत तेच म्हटलं, आणि खसखस संपलीया म्हणून उठले.

आक्का